वेलिकाच्या आवाजाची पातळी

ल्युबेनच्या स्टुडिओत आम्ही चौघी म्हाताऱ्या सकाळी साडेनऊला पोहोचलो, आणि साडेअकरा वाजले तरी एक सूर रेकॉर्ड झाला नव्हता.

आणि दिवस तर एकच होता. तो मंगळवार. बुधवारी वेलिकाला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि गुरुवारी तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "आजी, जीव वाचेल. आवाजाचं मी काही सांगू शकत नाही."

वेलिका ऐंशीची. तिच्याकडे कापणीचं एक गाणं आहे, सात कडव्यांचं, आणि आमच्या क्रिवा पोल्याना गावात ते आता दुसऱ्या कुणालाच पुरतं येत नाही. कापणारी सून लावा पक्ष्याच्या घरट्याभोवती हातभर गहू उभा सोडते आणि सासू विचारते, हा कुणासाठी राखलास? असं ते गाणं. आमच्याकडे एक बाई हाक देते आणि दोघी खाली सूर ओढत राहतात. हाक देणारी वेलिका. ओढणाऱ्या गिना आणि फिला, सख्ख्या बहिणी. मी दोन्का. मला गाता येत नाही. मी जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर एकतीस वर्षं ध्वनितंत्रज्ञ होते, आणि १९७१ साली हेच गाणं मी टेपवर घेतलं होतं. ती टेप आज नाही. का नाही, ते पुढे येईलच.

ल्युबेन हा फिलाचा मुलगा. चाळिशीचा, व्हिएन्नात शिकून आलेला, स्वभावाने गरीब. त्याने मोठ्या कौतुकाने आम्हाला नवा प्रीअँप दाखवला. माइकमधून येणारा आवाज अगदी बारीक असतो. तो मोठा करून पुढे पाठवायचा, एवढंच या पेटीचं काम. आमच्या केंद्रावर त्यासाठी काचेच्या दिव्यांचं एक धूड होतं, हात शेकावेत इतकं तापायचं, आणि त्याला माइक लागायचा एकच. ल्युबेनची पेटी पावाच्या लादीएवढी, आणि तिला आठ माइक. आठ चॅनेल, आठ गोल खुंट्या, आणि आवाज जास्त झाला की पेटणारे आठ लाल दिवे.

"आठ कशाला रे?" फिला म्हणाली. "आम्ही तिघीच."

"असू दे आई."

"आठ बायका जेवायला येणार आहेत का? सांग म्हणजे बानित्सा पुरवून खाऊ."

चीज भरलेल्या पापुद्री बानित्साचं तबक तिने येतानाच पेटीशेजारी ठेवलं होतं. ल्युबेनने ते तीनदा उचलून लांब नेलं आणि तीनदा ते परत तिथेच आलं.

मीही घरून एक वस्तू आणली होती. निवृत्तीच्या दिवशी केंद्राने मला दिलेला जुना माइक, आत केसासारखी पातळ धातूची पट्टी असलेला. १९७१ साली वेलिका त्याच्यासमोरच उभी होती. मी तो चौथ्या चॅनेलला जोडला. ल्युबेनने एक बटण दाबायला बोट पुढे केलं आणि मी त्याच्या मनगटावर फटका मारला.

"अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडतोयस का?"

"हो. माझ्या माइकांना वीज लागते, मावशी."

"माझ्याला नाही लागत. माझा मरेल."

पण त्या पेटीत विजेचं बटण चार-चार चॅनेलना मिळून एक होतं. एकाला दिली की चौघांना जाणार. मग माझा माइक पाचव्यात गेला. पाचव्यात गेला तर तो गुणगुणायला लागला, बरणीत माशी कोंडल्यासारखा. आम्ही दिवे बंद केले, हीटर बंद केला, फ्रिजची तार काढली. माशी तशीच. शेवटी कळलं की माझ्या जुन्या तारेतला एक सांधा सुटलाय. ल्युबेनने तो जोडला तोवर अकरा वाजून गेले होते. वेलिका कोपऱ्यात लिंडनच्या फुलांचा चहा घेत बसली होती, मनगटावर मार्चमध्ये आरोग्यासाठी बांधतात तो लाल-पांढरा दोरा, गळ्याला रुमाल. ती काही बोलत नव्हती. तिचा गळा वाया जात नव्हता, पण दिवस जात होता.

मग ल्युबेनने तिघींना तीन कापडी पडद्यांआड उभं केलं. प्रत्येकीचा आवाज वेगळा यावा म्हणून.

"मला गिना दिसत नाही," फिला पडद्याआडून ओरडली.

"गाताना बघायचं कशाला, आई?"

"बघायचं नाही रे मेल्या, तिचा श्वास लागतो. ती श्वास घेते तेव्हा मी घेत नाही. नाहीतर सूर तुटेल ना!"

पडदे गेले. तिघी नेहमीसारख्या कानाला कान लावून, एकमेकींच्या कमरेच्या पट्ट्यात बोटं अडकवून उभ्या राहिल्या, आणि माइक त्यांच्याभोवती आणावे लागले. पुन्हा तारा. पुन्हा खुंट्या.

"आता जरा गाऊन दाखवा, मी पातळी लावतो," ल्युबेन म्हणाला.

इथे चूक झाली, आणि ती मी ओळखायला हवी होती. आमच्या गावात कापणीचं गाणं कापणीखेरीज गात नाहीत. अवेळी मोठ्याने हाक दिली तर आभाळाला ऐकू जातं आणि गारा पडतात. गावच्या पाद्र्याने वेलिकाला ऑपरेशनआधीच्या रेकॉर्डिंगपुरतीच मोकळीक दिली होती. त्यामुळे 'जरा गाऊन दाखवा' म्हटल्यावर तिघींनी दाखवलं ते पाळण्यातल्या बाळाला ऐकू जाईल इतकंच. पुटपुटणं. ल्युबेनने खुंट्या वर नेल्या, आणखी वर नेल्या, आणि समाधानाने मान हलवली.

माझे साहेब कोस्तादिनोव म्हणायचे, "डोंगरातल्या बाईला पातळीसाठी गायला सांगू नकोस, दोन्का. तिला भांडायला लाव. भांडताना जो आवाज लागतो, तोच गाताना लागतो." एकतीस वर्षं मी हे पाळलं. बाईचा मुलगा किती ढ आहे ते विचारायचं, शेजारणीच्या चीजची स्तुती करायची, की पातळीचा काटा बरोबर जागेवर. आणि त्या दिवशी? त्या दिवशी मी माझ्या माइकची तार धरून जमिनीवर बसले होते.

वेलिकाने रुमाल काढला, क्रूसाची खूण केली आणि हाक दिली.

अठ्ठेचाळीस वर्षांनी मी ती हाक ऐकली. काच कापत जावी तशी. खाली दोघींचा सूर तिला इतका चिकटून की दोन्हींच्या मधे आणखी काहीतरी घरघरायला लागतं. चारही माइकांचे लाल दिवे पेटले, तीन तर विझेचनात. ल्युबेनने दोन्ही हात खुंट्यांकडे नेले आणि मागे घेतले. गाणं चालू असताना पातळी हलवावी तर तेही ऐकू येणार. तो माझ्याकडे बघत राहिला. थांबवू का? मला ठरवता आलं नाही. तिने सातही कडवी म्हटली. शेवटचा हुंकार देऊन ती खाली बसली आणि गळा धरून खोकली.

आम्ही लावून ऐकलं. जिथे तिचा आवाज चढे, तिथे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं.

"फाटलाय, मावशी," ल्युबेन कसनुसा होऊन म्हणाला. "सगळ्या चॅनेलवर. पातळी जास्त झाली. माझी चूक आहे. पुन्हा एकदा..."

"तुझी कसली चूक, पोरा," वेलिका म्हणाली. ती कोटाची बाही शोधत होती. "माझा आवाज आधीपासूनच फाटका. या दोन्काने एकाहत्तर सालीच सांगितलं होतं मला. यंत्रात मावत नाही म्हणाली. जाऊ दे. चल गिने, बस चुकेल."

"अगं बस गं," गिना म्हणाली. "खाऊन तरी जा."

"नको. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा नको."

ती दाराकडे निघाली. तिच्यामागे गिना, हातात बानित्साचा तुकडा. आणि मी अजून जमिनीवरच.

"तुझा आवाज फाटला नव्हता," मी म्हणाले.

"काय?"

"एकाहत्तर साली. चांगला आला होता. एक सूर खराब नव्हता. मी ती टेप पुसली."

मग मी सगळं सांगितलं, उठून उभी राहिले आणि सांगितलं. केंद्रात टेपांचा तुटवडा होता. सहकारी संस्थेच्या चिटणिसाचं बीटाच्या पिकावरचं भाषण घ्यायचं होतं, तातडीने. फळीवर तीन टेपा होत्या. एक बँडची, एक शहरातल्या गायकवृंदाची, एक वेलिकाची. मला कुणी वेलिकाची पूस म्हणून सांगितलं नव्हतं. मीच निवडली. मनात म्हटलं, वेलिका काय, दोन तासांवर तर राहते, पुढच्या महिन्यात बोलावू पुन्हा. पुढच्या महिन्यात तिचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला, मग कोस्तादिनोव गेले, मग लोकांना वेगळीच गाणी हवी झाली. तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, तुझा आवाज यंत्रात मावत नाही, फाटला टेपवर.

वेलिकाने कोट खाली टाकला.

"रविवारी दहा वाजता लागणार म्हणाली होतीस तू!" ती ओरडली. तिथेच, चारही माइकांच्या मधे येऊन. "अख्खं गाव ग्रंथालयाच्या दालनात रेडिओपुढे बसलं होतं! सासूने नवा रुमाल बांधला होता! आणि काय लागलं? बीट! अर्धा तास बीट! 'कुणाला हवाय तुझा आवाज,' म्हणाली सासू सगळ्यांसमोर, आणि तुला विचारून आल्यावर मी तिला काय म्हणाले माहितेय? म्हणाले, आई, यंत्रात मावत नाही. तिने मरेपर्यंत मला 'यंत्रात न मावणारी' म्हणून चिडवलं! मी लग्नांत गायची थांबले, दोन्के! माझ्या पोरीच्या लग्नात मी गायले नाही!"

"खरं आहे," फिला हळूच म्हणाली. "नाही गायली."

"आणि हिने अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या घरी येऊन मिरच्यांचं लोणचं नेलं! दरवर्षी! बरण्या परत न करता!"

"बरण्या देईन मी..."

"चुलीत घाल तुझ्या बरण्या!"

मी मान खाली घातली, आणि तेव्हा मला दिसलं की ल्युबेनचा डावा हात पेटीवर आहे. त्याचं तोंड उघडं होतं, पण हात आपलं काम करत होता. ती ओरडत होती आणि तो एकेक खुंटी खाली आणत होता, पहिली, दुसरी, तिसरी, माझी पाचवी. लाल दिवे एकामागून एक विझले. 'पुन्हा एकदा' म्हणताना त्याने परत चालू केलेलं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

वेलिका दमून थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती गिनाला म्हणाली, "तो तुकडा टाक तोंडात आणि इकडे ये."

"आत्ता?"

"मग काय गुरुवारनंतर?"

गिना तोंड भरलेल्या अवस्थेत तिच्या कानाशी जाऊन उभी राहिली, फिला दुसऱ्या बाजूला. यावेळी एकही दिवा पेटला नाही. पहिलं कडवं स्वच्छ, दुसरं स्वच्छ. सून लाव्याला म्हणते, तुझं घरटं सोडून सगळं शेत कापलं. तिसरं, चौथं. पाचव्यात सासू विचारते, कुणासाठी राखलास, आणि त्या 'कुणासाठी' वर वेलिकाचा आवाज गेला. खोकला नाही, काही नाही, नुसती हवा. भांडणात तिने होता तेवढा खर्च केला होता. गिना आणि फिला खालचा सूर ओढत राहिल्या, एक श्वास घेई तेव्हा दुसरी धरून ठेवी, वाट बघत. मिनिटभर तरी ओढला त्यांनी. वेलिकाने मान हलवली तेव्हा सोडला.

ल्युबेनने नंतर बरीच खटपट केली. सहावं आणि सातवं कडवं फाटक्या रेकॉर्डिंगमधून घेऊन जोडू का, म्हणाला. जोडून बघितलं, शिवण दिसत होती. मग त्याने संगणकाच्या पडद्यावर एक लांबलचक पट्टा दाखवला.

"मावशी, हे भांडण पुसतो. विनाकारण जागा अडवतंय."

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

"फाटलेलंही ठेवायचं?"

"सगळं ठेव. एक टीचभर पुसायचं नाही."

ऑपरेशन गुरुवारी झालं. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कुजबुजण्यापुरता आवाज राहील, पुढचं पुढे.

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी पहिल्या बसने क्रिवा पोल्यानाला गेले. पिशवीत ल्युबेनचं छोटं यंत्र आणि अकरा रिकाम्या बरण्या. एवढ्याच सापडल्या. वेलिकाने दार उघडलं, बरण्या मोजल्या नाहीत, खुर्चीकडे बोट केलं. गिना आणि फिला आधीच येऊन बसल्या होत्या, डोक्याला धुतलेले रुमाल बांधून. दहाला पाच मिनिटं कमी होती. आम्ही थांबलो. भिंतीवरचं घड्याळ दहावर आलं तेव्हा मी बटण दाबलं.

पाचव्या कडव्यात तिची हाक थांबली आणि खालचा सूर चालू राहिला. वेलिकाचे ओठ हलत होते. सहावं ती मनात म्हणत होती, सातवंही. बाहेर काही आलं नाही. मला ते बघवेना. दोन कडव्यांपुरती मी आयुष्यभर चरफडत राहणार आहे, हे मला तिथेच कळलं.

सूर संपला. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

वेलिकाने माझी बाही धरली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"सुरुवातीपासून लाव," ती कुजबुजली. "भांडणापासून."