बऱ्या अवस्थेतलं मत

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारा माणूस. त्याच्याच हाताला कंप सुटला. आधी दुकान बंद झालं, मग चमचा तोंडापर्यंत पोचेना, मग बोलणंही चिकटायला लागलं. शेवटी इस्पितळात त्यांच्या मेंदूत एक बारीक तार सोडली, छातीवर कातडीखाली काडेपेटीएवढी डबी बसवली आणि ताईच्या हातात रिमोट दिला. संसारात टीव्हीचा रिमोट कधी तिच्या हाती लागला नव्हता. एकदम नवऱ्याचाच लागला.

रिमोटवरचा आकडा वर केला की हात स्थिर. पहिल्या दिवशी भाऊजी न सांडता चहा प्यायले आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. काही दिवसांनी ते कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, मी जातोय."

"येताना साबण आणा," ताई म्हणाली.

"तसं नाही. समुद्राकाठी एक खोली बघितली आहे. तिथे राहणार. एकटाच."

भांडण नाही, तक्रार नाही. घड्याळाचा पट्टा बदलायला झालाय, हे गिऱ्हाइकाला ज्या सुरात सांगायचे, तोच सूर. ताईने घाबरून रिमोट खाली केला. हात फडफडायला लागले, मान झुकली, आणि बऱ्याच वेळाने एकेक शब्द बाहेर आला, "ऐकू नकोस... त्याचं. मला... इथंच... राहायचंय."

तेव्हापासून आम्हाला दोन भाऊजी झाले. वरचे आणि खालचे. दोघांचं एकमेकांविषयीचं मत, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या भाडेकरूंचं असावं तसं.

"खालचे राहायचं म्हणतात, त्याचं काय?" मी वरच्यांना विचारलं.

"तो घाबरलेला आहे रे. ज्याला खुर्चीतून उठता येत नाही, तो राहतोच म्हणणार. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वेळ लावत बसलो. आता नाही."

खालच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तो... मी नाही. तो... करंट आहे."

मधला आकडा लावून पाहावा, असा सल्ला मी दिला. मेहुण्यांचे सल्ले असतात तसाच तो निघाला. मधल्या आकड्यावर हातही थरथरत राहिला आणि जायचा हट्टही कायम राहिला. फक्त पिशवी भरताना कपडे खाली पडत होते.

"एवढा संसार केला," ताई मला म्हणाली, "तो यातल्या कुणाबरोबर केला, तेवढं कुणीतरी सांगा. मग मी गप्प बसते."

ते सांगायला इस्पितळात एक समिती होती. अध्यक्षबाई, तार सोडणारे मेंदूचे डॉक्टर आणि तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक. आम्हा तिघांना लांब टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. भाऊजी वरचे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून भिंग पुसलं आणि परत ठेवलं.

"मुळात प्रश्नच चुकीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "माणूस ठरवतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मेंदू आधी ठरवून मोकळा होतो. माणसाला नंतर कळवतात."

"आमच्याकडे मलाही तसंच कळवलंय," ताई म्हणाली.

प्राध्यापकांना हे पटलं नाही. जो माणूस आपल्या इच्छेमागचं कारण देऊ शकतो तो स्वतंत्र, असं त्यांचं म्हणणं. त्यावर डॉक्टर म्हणाले, की कारणं ही मेंदूने मागाहून लावलेली रंगसफेदी असते. वाद छान रंगला. मनुष्य स्वतंत्र आहे असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी मध्येच बाहेर जाऊन, जेवायला उशीर झाला तर चालेल का, असं बायकोला फोनवर विचारलं. कुणी काही निवडत नसतं असं म्हणणाऱ्या डॉक्टरांनी पंख्याचा वारा लागतो म्हणून तीन खुर्च्या बदलल्या.

"दोघांनाही विचारा," ताई म्हणाली. "एवढंच माझं मागणं आहे."

अध्यक्षबाईंनी भाऊजींना विचारलं. ते स्वच्छ शब्दांत म्हणाले, "मला जायचं आहे. हिच्यावर राग नाही. हिच्याबद्दल काहीच नाही."

ताईने ते शेवटचं वाक्य ऐकून घेतलं आणि रिमोट खाली केला. भाऊजी हळूहळू आक्रसत गेले. टेबलावरचा ग्लास त्यांच्या कोपराने कलंडला. सगळे थांबले. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं; डॉक्टरांनी पाहिलं; प्राध्यापकांनी बायकोची आठवण येऊन पाहिलं. भाऊजींचा जबडा हलत होता.

"घरी... ने... मला," ते म्हणाले. तोवर पाणी टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकायला लागलं होतं.

"दोन मतं झाली," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि रुग्ण एक. आपला नियम आहे. रुग्णाचं मत त्याच्या बऱ्या अवस्थेत घ्यायचं."

"बरी कुठली, तेच तर विचारायला आलो ना आम्ही," ताई म्हणाली.

"हात थरथरत नाही ती. ती मोजता येते."

या एका मुद्द्यावर डॉक्टर आणि प्राध्यापक यांचं एकमत झालं. प्राध्यापक म्हणाले, वरच्यांनी कारण दिलं आहे. डॉक्टर म्हणाले, आपण काय ठरवणार, हे होणारच होतं. रिमोट रुग्णाकडे द्यावा, असं ठरलं. डॉक्टरांनीच तो वर केला. भाऊजी ताठ झाले, रिमोट खिशात टाकला आणि सांडलेलं पाणी आपल्या रुमालाने नीट पुसून घेतलं. पहिल्यापासूनच व्यवस्थित माणूस.

शनिवारी दुपारी मी त्यांची पिशवी बसथांब्यापर्यंत नेली. उचलू दिली नाही त्यांनी, पण मी तिचा एक बंद धरून चाललो. ताई मागून आली. तिने अडवलं नाही. कुणाला अडवायचं, ते तिला कळत नसावं.

बस आली तेव्हा तिने विचारलं, "अहो, तो आहे का आत?"

भाऊजींनी थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय दोन्ही भाऊजींना नव्हती.

"आहे," ते म्हणाले.

"काय म्हणतोय?"

"काही म्हणत नाही. त्याला आता कुणी विचारत नाही ना."

"मी विचारलं म्हणून सांगा," ताई म्हणाली.

"ऐकू जात असेल, तर ऐकलं असेल त्याने," भाऊजी म्हणाले आणि दांडी न धरता बसमध्ये चढले.