तीनशे अठराव्या ओळीचा आळ

दोन हजार सहाच्या मे महिन्यात, सुट्टी बघून, शिरूरच्या कॉलेजातली लॅब सांभाळणाऱ्या आरिफनं तिथला संगणक नवा केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मासिकाबरोबर फुकट सीडी आली, हात शिवशिवले, जुनी सिस्टिम पुसून त्यानं नवी घातली. मशीन पळायला लागलं. मग दौंडहून सीमा आली, तिचा एरवी याच मशीनवर चालणारा आकडेवारीचा प्रोग्राम चालेना, आणि

इथं गोष्ट अडते. मागं जाऊ.

सीमा दौंडला कॉलेजात तासिकांवर शिकवायची आणि ऊसतोड बायकांच्या वजनावर पीएचडी करायची. हंगामात पाटसला तोडकऱ्यांच्या कोप्या-कोप्यांतून, पाचटाच्या झोपड्यांतून, ती वजनकाटा घेऊन हिंडली होती. काटा ती मांडायची, आकडा अंगणवाडीच्या ललिताबाई लिहायच्या. असे सहाशे फॉर्म. त्यांची गणितं करणारा प्रोग्राम एका निवृत्त सरांनी जुन्या फोर्ट्रान भाषेत लिहिलेला. माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून द्यायचं, हे कंपायलरचं काम. जुना कंपायलर सरांच्या खोडी पोटात घालायचा. नव्यानं तीनशे अठराव्या ओळीवरच पाय रोवले, तेव्हा आरिफ म्हणाला

नाही. हे नीट सांगायला हवं.

सीमा त्याच्या मागंच उभी होती.

"हे पडद्यावर तीनशे अठरा काय हाय, आरिफभाऊ?"

प्रोग्रामची ओळ, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, सिस्टिम कुणी बदलली, कुणाला विचारून, जुनी कुठाय? जुनी कुठंच नव्हती.

"तुमच्या डेटात गडबड हाय ताई. तीनशे अठरा नंबरचा फॉर्म बघा."

तिनं पिशवीतून फॉर्म काढला. कुशाबाई, वय तीस, वजन एकतीस किलो.

"व्हय की," सीमा हळूच म्हणाली. "बाईमाणूस एकतीस कसं असंल?"

ती गेली. आरिफनं चार दिवस मान वर केली नाही. जुना कंपायलर शोधून आणला, तर नव्या सिस्टिमशी त्याचं पटेना. शेवटी सरांच्या ओळी एकेक करून नव्याला चालतील अशा लिहून काढल्या. गुरुवारी प्रोग्राम चालला. सहाशेच्या सहाशे फॉर्म त्यानं बिनतक्रार घेतले, कुशाबाईसकट.

त्यानं दौंडला फोन लावला. "ताई, चाललं. सगळे फॉर्म घाला."

"सगळे कुठले? त्या फॉर्मचा अख्खा दिवस काढून टाकलाय मी, एक चुकला तर बाकीच्यांचा काय भरवसा? त्रेचाळीस बायका. कोप्या उठल्या, बायका गेल्या बीडकडं, आता परत मोजू कुणाला? शनिवारी तक्ते द्यायचेत."

"आता घातले तर चालतील."

"चुकीचे कसे घालू? ललिताबाईंना बोलले मी त्यावरनं. झोपेत लिहिता काय म्हणून. तवापासनं येत न्हाईत त्या."

आता फोन ठेवला असता तर कुणाला काहीच कळलं नसतं. त्रेचाळीस बायका कुठल्याच तक्त्यात आल्या नसत्या, इतकंच.

"ताई, फॉर्म बरोबर हाय. तीनशे अठरा ही प्रोग्रामची ओळ. सिस्टिम मी बदलली, आन् तुमच्यावर ढकललं."

"फॉर्म मी घालीन परत, पण नुसतं मला सांगून काय उपयोग? उद्या या. ललिताबाईंना सांगा. मला तर तोंड न्हाई त्या दारात जायला."

शुक्रवारी न्हावरा, चौफुला करत आरिफची एसटी दौंडला पोचली. ललिताबाई ओट्यावर सुपानं गहू पाखडत होत्या. सीमा कोपऱ्यावरच थांबली. आरिफनं उभ्या उभ्या सिस्टिम, कंपायलर, सगळं सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"यंत्राचं मला न्हाई कळत, दादा. काट्यावरनं उतरताना कुशाबाईला घेरी आली. मी धरली तिला. एका हातावर मावली. मी सीमाबाईला म्हनलं बी, आकडा खरा हाय. पर यंत्रानंच सांगितलं म्हनल्यावर माझं कोण ऐकतंय?"

"यंत्रानं न्हाई सांगितलं," आरिफ म्हणाला. "मी सांगितलं."

सूप थांबलं.