जोहाचे चार दिवे

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडक्यांना लावतात तो नव्हे, कंप्युटरचा. भिवंडीत फखरुद्दीनशेठच्या कापडाच्या कारखान्यावर त्यांचं घर आहे, त्या घरातल्या एका टेबलावर माझं ठाण आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसू नका: मी स्वभावाने भित्रा आहे. मांजर टेबलावर चढलं तरी मी दचकतो. आणि गल्लीत "भंगारऽऽ" अशी हाक आली की विचारूच नका.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढऱ्या कोटातल्या माणसांनी मला लाल, हिरवा, निळा असे सगळे रंग दाखवायला लावले आणि पाठीवर 'पास'चा शिक्का मारला. मग जहाज, मग ट्रक आणि शेवटी भिवंडीजवळच्या राहनाळचं गोडाऊन. काय सांगू त्या गोडाऊनची दशा! आत मिट्ट काळोख, वर खोक्यांचा डोंगर आणि उंदीर माझा पुठ्ठा कुरतडतायत. उतरवताना माझ्या खोक्याचा कोपरा चेपला होता म्हणून एकही दुकानदार मला घेईना. तेवढ्यात फखरुद्दीनशेठ आले. "खोका चेपलाय, माल तर बरा हाय ना?" म्हणाले आणि मला स्कूटरवर पुढ्यात उभा करून घेऊन गेले. गर्दीतून स्कूटर निघाली तेव्हा मी मनातल्या मनात सगळे देव आठवले.

त्यांच्या ऑफिसात माझी नोकरी सुरू झाली. ऑफिस म्हणजे कारखान्यातल्या लूमच्या, यंत्रमागांच्या, शेजारची एक खोली. दिवसभर खटाखट चालायचं, टेबल थरथरायचं, माझ्या तोंडावर कापसाची बारीक लव बसायची. शेठ ती चिंधीने पुसायचे. त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. कापडाच्या रंगावरून भांडण लागलं की ते वाद घालत बसायचे नाहीत. थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "बल्बखाली रंग खोटा बोलतो. दारात चल." दारातल्या उजेडात रंग जसा दिसेल तसा खरा. तिथे मग सगळ्यांची बोलती बंद.

पण एकदा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने तक्रार केली की फोटोतला पांढरा आणि कापडाचा पांढरा जुळत नाही. शेठ वैतागले. एका हातात पांढरं कापड धरून दुसऱ्या हाताने ते माझी बटणं दाबत बसले. आता बघा, कापड दारात नेता येतं, पण वायरीने बांधलेल्या मला दारात न्यावं हे कोणाला सुचणार? खोलीत पिवळट तांबूस बल्ब जळत होता. त्याच्या उजेडात पांढरं कापडही तांबूस दिसत होतं. मग शेठनी माझ्यातला लाल वाढवला, रंगांचा जोर पार वर नेला. "आता कसं जुळलं!" ते खुशीत म्हणाले. मला मात्र अंगात ताप भरल्यासारखं वाटत होतं. पण गिऱ्हाइकं माझ्यासमोर येऊन "क्या कलर है!" म्हणायला लागली आणि स्तुतीपुढे मी तो ताप विसरून गेलो.

पुढे शेठ सगळं काम मोबाइलवरच करायला लागले. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. किती काळ गेला कोण जाणे. रोज वाटायचं, आज भंगारवाल्याचा काटा आपल्या नशिबी येणार.

त्यातून मला सोडवलं जोहाने. जोहा म्हणजे शेठची एकुलती एक लेक. तिला वैमानिक व्हायचं होतं. विमान उडवायच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता आणि घरी सरावासाठी तिला मोठा पडदा हवा होता. तिने मला खाली उतरवलं, पुसलं आणि माझ्यावर विमानाचा खेळ लावला. हातात काठीसारखं यंत्र धरून ती तासन्‌तास उडायची. माझं आकाश गडद जांभळट निळं, माती लालबुंद, संध्याकाळ लग्नाच्या मांडवासारखी! तिची अम्मी, कौसरबी, चहा घेऊन यायची आणि बघतच राहायची. "या अल्ला, काय रंग हायत गो!"

त्या खेळात धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात. विमान फार खाली आलं तर चारही लाल होतात. फार वर राहिलं तर चारही पांढरे. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की समजायचं, आपण बरोबर उतरतोय. जोहाने ते पाठच केलं. पण माझ्या अंगातला ताप तसाच होता ना! माझ्यावरचा पांढरा दिवा गुलाबी दिसायचा. सरावलेल्या डोळ्याला ते कळत नाही. गुलाबी म्हणजेच पांढरा, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मला ते दिसत होतं, पण पडद्याला कुठे वाचा असते?

मग ती शाळेत राहायला गेली. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा बॅग दारातच टाकून खाली बसली. कौसरबीने तिला जवळ घेतलं, तसा बांध फुटला.

"अम्मी, उडवायला शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्या हातातून विमान काढून घेतलं." ती म्हणाली. "उतरताना मी म्हटलं, दोन पांढरे, दोन लाल. मी खाली आणतच राहिले. मेघाली मॅडम ओरडल्या, जोहा, लाल! आणि त्यांनी झटकन विमान वर उचललं. खाली झाडं होती, अम्मी. इतकी जवळ."

"मग मॅडम काय बोलल्या?" शेठनी हळूच विचारलं.

"बोलल्या, तुला लाल आणि पांढरा कळत नाय का? डोळे परत तपासून ये. तोवर उड्डाण बंद. आणि डोळ्यात दोष निघाला, तर कायमचंच बंद."

कौसरबीचा चेहरा उतरला. तिच्या भावाला, इमादला, लाल आणि हिरवा एकच दिसतो. त्याने एकदा लाल सुताच्या जागी हिरवं लावलं आणि अख्खं थान वाया गेलं, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. "माझ्याच माहेरचं हिच्यात उतरलं," ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली.

"पहिल्या तपासणीत मी पास होते, अम्मी!"

"मग आता काय झालं गो तुझ्या डोळ्यांना?"

जोहा इतकी घाबरली होती की ताटातल्या भाजीचा रंगसुद्धा दोनदा विचारायची. आणि मी? माझी तर पाचावर धारण बसली होती. मला माहीत होतं की तिच्या डोळ्यांत काही नाही, दोष माझ्या अंगात आहे. हे कोणाला कळलंच नाही तर पोरीचं विमान जाईल. कळलं तर मी भंगारात जाईन. दोन्हीकडून मरण माझंच, पण तिच्या रडण्यापुढे मला दुसरं मरण सोपं वाटायला लागलं.

डोळे तपासायच्या आदल्या दिवशी, दुपारी, जोहाने मला सुरू केलं. "अब्बा, तुम्ही बाजूला बसा. मी दिवे सांगते, तुम्ही बघा."

विमान खाली येऊ लागलं. धावपट्टी दिसली. चार दिवे लागले.

"दोन लाल, दोन पांढरे," जोहा म्हणाली.

शेठ पुढे वाकले. त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. "बेटा, पांढरे कुठं हायत? हे तर गुलाबी."

दारात उभ्या असलेल्या कौसरबीच्या तोंडून हुंदका निघाला. तिला वाटलं, झालं, पोरीला खरंच दिसत नाही. जोहाच्या हातातली काठी निसटली. विमान माझ्या लाल मातीवर आपटलं. मी तर डोळेच मिटले असते, पण मला ते मिटता येत नाहीत.

जोहाने वाकून माझी काच न्याहाळली. मग एकदम म्हणाली, "अब्बा, रंगावरून भांडण लागलं की तुम्ही काय करता?"

"दारात नेतो."

"मग ह्याला न्या."

"ह्याला? अगो, ह्याला वायर हाय!"

"वायर लांब करू."

आणि तिने मला उचललं! खाली गल्लीत नेमकी भंगारवाल्याची हाक चालू होती. मला वाटलं, संपलं सगळं. एक्स्टेंशन बोर्ड जोडून तिने मला गॅलरीत, स्टुलावर ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी उघड्या उजेडात आलो होतो. समोर भिवंडीचं खरं आकाश होतं. मित्रांनो, ते निळं नव्हतंच! धुळकट, पांढरट, कडेला राखाडी, आणि लांबचे डोंगर पुसट. माझ्या आकाशाची मला लाज वाटली.

जोहाने माझ्यावर नुसतं कोरं पांढरं पान उघडलं. शेठनी कारखान्यातून पांढरं थान आणलं आणि माझ्या शेजारी धरलं.

कोणालाच सांगावं लागलं नाही. थान पांढरं होतं आणि मी गुलाबी होतो.

शेठ धावत जाऊन रंगीत सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, घेऊन आले. लाल, किरमिजी, गुलाबी, हिरवा. जोहाने एकामागून एक सगळे बरोबर ओळखले, जराही अडखळली नाही. कौसरबीने तिला घट्ट धरलं आणि आता ती वेगळ्याच कारणाने रडत होती. शेठ माझ्या स्टुलापाशी आले. "मीच रे," ते माझ्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले. "बल्बखाली बसून मीच तुझी बटणं फिरवली. सगळ्या दुनियेला सांगतो दारात चला, आणि तुला तेवढं विसरलो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जोहाचे डोळे तपासले. ठणठणीत निघाले. मेघाली मॅडमना तिने फोनवर सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "नीट ऐक. खरा दिवा पांढऱ्याचा लाल होताना मध्ये गुलाबी दिसतो. गुलाबी म्हणजे पांढरा नाही, जोहा. गुलाबी म्हणजे तू खाली चाललीयेस."

मला भंगारात दिलं नाही. जोहाने गॅलरीच्या उजेडात, थान शेजारी ठेवून, माझी बटणं परत फिरवली. ताप उतरला. मग तिने खेळात धूळ आणि धुकं वाढवलं. माझं आकाश आता गॅलरीतल्यासारखं मळकं झालं. कौसरबीला ते मुळीच आवडलं नाही. "हे काय गो, सगळं फिकं?"

"वर असंच असतं, अम्मी. क्षितिज शोधावं लागतं."

जोहा परत शाळेत गेली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी विमान उडवणार होती, त्या दिवशी शेठ सकाळपासून माझ्यासमोर बसून होते. मी बंदच होतो. माझ्या काळ्या काचेत मला त्यांचा चेहरा दिसत होता. दोघंही तितकेच घाबरलेले. कौसरबी आत तसबीहची जपमाळ ओढत होती. फोन वाजला तेव्हा शेठच्या हातातून तो आधी खालीच पडला.

"अब्बा, उतरले!"

"दिवे? दिवे दिसले का?"

"हवा लई धुरकट होती. दुसरा पांढरा मधेच गुलाबी झाला, अब्बा." ती भरभर सांगत होती. "मला वाटलं, पांढराच असंल. पण मग आठवलं ते थान. मी लगेच सावरलं, खाली येऊ नाय दिलं. परत दोन पांढरे, दोन लाल."

शेठनी नुसती चिंधी घेतली आणि माझी काच पुसत बसले. लव नव्हती तरी पुसत बसले.

मित्रांनो, अजूनही जोहा उडते त्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, हात नसले तरी. घरातल्या जुन्या पडद्याला लगेच भंगारात घालू नका. त्याची धूळ पुसा, त्याचे रंग तपासा. आणि तो कितीही झगमगीत आकाश दाखवू दे, त्यावर विश्वास टाकण्याआधी एकदा त्याला उचलून दारात न्या. फार जड नसतो तो.