तिसरा रकाना

कचरा डेपोच्या आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी अकराला सुरू झाली. साडेअकराच्या आत नियोजन अधिकाऱ्यांनी आत्याचा अर्ज बाजूला सारला.

"बाई, ती जागा नापीक आहे. आराखड्यात तसं स्पष्ट लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचे डोळे कुठे गहाण होते? दर चौथ्या वर्षी तो तुकडा मी मोकळा सोडते. जमिनीलाही दम खाऊ द्यावा लागतो. बाकी तीन वर्षं तिथं कांदा निघतो."

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. अकरा गावांचा कचरा जिथे पडणार, तिथे लाल चौकोन. त्या चौकोनात आत्याची विहीर होती.

"विहीर नकाशात नाही," अधिकारी म्हणाले.

"मग चाळीस वर्षं मी काय हवा शेंदतेय?"

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. अधिकारी हसले नाहीत.

कोपऱ्यात आत्याचा भाचा इतिवृत्त लिहीत होता. तो याच कार्यालयात कारकून. मागच्या वर्षी पाहणी करणाऱ्याने जीपमधून न उतरताच फोटो काढले आणि गठ्ठा याच्या टेबलावर टाकला. फॉर्मात दोनच रकाने होते: 'पीक उभे' आणि 'नापीक'. विसाव्याला ठेवलेल्या जमिनीला रकानाच नव्हता. फोटोतला विहिरीचा कठडा भाच्याने ओळखला होता. लहानपणी त्याच कठड्यावर बसून त्याने पाय हलवले होते. पण चारपर्यंत दोनशे नोंदी संपवायच्या होत्या. त्याने दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

"पुढचा अर्ज," अधिकारी म्हणाले.

भाचा उभा राहिला. "साहेब, ती खूण मी केली. जागा ओळखूनही केली. जमीन पिकाची आहे, विहिरीला पाणी आहे. नोंद चुकीची आहे."

"खाली बसा. आराखडा वर गेलाय. आणि हे इतिवृत्तात घेऊ नका."

आत्या वळली. "तू? माझ्या विहिरीवर कचरा तू ओतलास?"

"हो, आत्या."

"घरी ये, मग बघते तुझ्याकडे. आधी ते लिही."

तो बसला. स्वतःचं म्हणणं त्याने शब्दन् शब्द लिहिलं. त्याखाली लिहिलं: 'हे इतिवृत्तात घेऊ नये, असे नियोजन अधिकाऱ्यांनी सांगितले.' मग वही फिरवून अधिकाऱ्यांपुढे सरकवली आणि पेनचं टोपण काढून दिलं.

"सही, साहेब."