बाबांची काळी एक

"रुको," म्हणत सईदा आपांनी पेटीवरचा हात उचलला. "ये सुर तुम्हें किसने दिया?"

मायाने काळ्या पट्ट्यांतल्या पहिल्या पट्टीकडे पाहिलं. काळी एक. षड्ज दुसरीकडेही धरता येतो हे तिला माहीत होतं. पण आपला कुठे आहे, हे तिने कधी तपासलं नव्हतं.

"बाबा यहीं से गाते थे."

"बाबा मर्द थे, बेटा. ऊपर जाते ही तुम चीखती हो. अभी जो गाया, उसका एक लफ़्ज़ पल्ले नहीं पड़ा. और मराठी है, इसलिए नहीं."

माया ओशाळून हसली. अमीनाबादच्या कापडबाजारामागे, अरुंद जिना चढून गेलं की आपांचा क्लास होता. भंडाऱ्याहून ती एम.एस्सी.साठी लखनऊला आली, हॉस्टेलवर राहिली आणि दुसऱ्या हिवाळ्यात ध्यानात आलं की बाबांच्या गाण्यातल्या जागा आपण विसरत चाललोय. म्हणून ती हा जिना चढली होती.

तिचे बाबा, ईश्वर, दिवसा कारखान्यात आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत असत. बाबासाहेबांवरची गाणी स्वतःच रचत, स्वतःच चाल लावत. लहानपणापासून माया त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि त्यांच्याबरोबर गायची, एक सप्तक वरून. एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन सुरांत वरच्याची कंपनसंख्या खालच्याच्या बरोबर दुप्पट असते, म्हणून ते एकमेकांत विरघळतात. हे ती पुढे प्रयोगशाळेत शिकली. विरघळणं तिने आधीच ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांचा आवाज कुणी टेप केला नव्हता.

आपांनी पेटीवर काळी एकच्या खालची काळी पाच धरली. "यहाँ से कहो."

मायाने आवाज लावला. खाली तो भरून आला, वर गेला तरी ताणला नाही. अंतऱ्यातला प्रत्येक शब्द सुटासुटा, धुतल्यासारखा बाहेर पडला. हा आपला आवाज आहे यावर तिचा विश्वास बसेना. मग बाबांचा आवाज खाली कुठे बसेल, हे ती मनात शोधू लागली. तो कुठेच बसेना.

"अच्छा नहीं लगा?" आपांनी विचारलं.

"अच्छा लगा. पर इसमें वो नहीं हैं."

आपांनी पेटीचा भाता मिटला. "बाप की उँगली पकड़के चलो तो हाथ ऊपर रखना पड़ता है. बच्चा रख लेता है. तुम कब तक रखोगी?"

रविवारी ती सरोजिनी नगरला दत्तूकाकांकडे गेली. बाबांचे हे धाकटे भाऊ सरकारी नोकरीनिमित्त लखनऊला आले ते इथलेच झाले. बोलताना वेगळे वाटत, पण गायला लागले की हुबेहूब बाबा. म्हणूनच माया दर रविवारी यायची. काकूंच्या हातच्या झुणक्याचं निमित्त असायचं. गाताना ती डोळे मिटून घ्यायची.

जयंतीच्या कार्यक्रमात बाबांचंच गाणं म्हणायचं ठरलं होतं.

"काका, यंदा काळी पाचवर घेऊ या?"

"काऊन?" काकांनी पेटीचा भाता सोडला. "अन् मी कुठं जाऊ? खाली गेलो त पुटपुटतो, वर गेलो त आवाज फाटते. भाऊची पट्टी हाये, बदलाची कायले?"

"पापा, गाने दो ना दीदी को," लतिका आतून म्हणाली. ती काकांची मुलगी. मराठी सगळं समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. "पिछली जयंती के बाद गला बैठ गया था, तीन दिन इशारों में बात कर रही थीं. मम्मी से नमक माँगा, मम्मी ने चप्पल दे दी."

काकू हसल्या. "गळा तिचा हाये, तिले ठरवू द्या."

काका मात्र हसले नाहीत. "तुह्यासंग त्या पट्टीवर गातो ना, माया," ते हळूच म्हणाले, "तवा मले बी भाऊ ऐकू येते."

मायाने पुन्हा विषय काढला नाही. त्या दिवशी दोघं काळी एकवरच गायले.

जयंतीला काकांच्या सरकारी क्वार्टर्सच्या मैदानात शामियाना लागला. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला गेला. मराठी घरं मोजकीच होती, बाकी सारे शेजारपाजारचे. काकांनी पेटी ओढली, मागे कोरसवाले बसले. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ कानामागे हात धरून पुढे वाकले होते. भंडाऱ्याकडचेच होते, बाबांना ओळखायचे. "ईश्वरचे बोल ऐकाले आलो, पोरी," ते म्हणाले. "मागच्या साली काही समजलं नाही."

काकांचं बोट काळी एकवर होतं. मायाने त्याच्याकडे पाहिलं. तिथे बाबा होते, नेहमीसारखे. आणि बाबांचे शब्द तिथे तिच्या गळ्यात चिरडले जात होते.

"काका," ती म्हणाली, "पाच."

काकांनी वर पाहिलं. मग त्यांचं बोट उचललं गेलं आणि काळी पाच वाजली.

ती गायली. ध्रुवपद संपलं, अंतरा चढला आणि प्रत्येक शब्द शामियान्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. म्हाताऱ्यांनी कानामागचा हात खाली घेतला. ओळ संपली तशी ती सवयीने थांबली. इथे खालून दुसरा आवाज यायचा. कोरसवाल्यांनी प्रयत्न केला, पट्टी जमेना, एकेक करत सोडून दिला. त्या जागी नुसती पेटी वाजत राहिली.

मायाने वळून पाहिलं. काका भाता चालवत होते. त्यांचे ओठ ओळीच्या प्रत्येक शब्दावर हलत होते, आवाज न काढता.

तिने पुढची ओळ घेतली.