न हललेला ठिपका

आसावरी माझ्या हाताखाली मँचेस्टरला पीएचडी करत होती. मायक्रोस्कोपमध्ये धातूचा अतिशय पातळ तुकडा तापवायचा, आत अणूंच्या रांगा जिथे चुकल्यात तिथे काळ्या रेषा दिसतात, त्या कशा सरकतात ते टेपवर घ्यायचं, हे आमचं काम. तापवताना सगळं चित्रच वाहत जातं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. म्हणून वीस मिनिटं थांबूनच रेकॉर्ड करायचं, हा नियम माझा. मी म्हणेन ती पूर्व दिशा.

२००४च्या नोव्हेंबरात ती थांबली नाही.

"रघुवीरदादा, ही रेष बघा ना, दोनशे डिग्रीलाच सरकली! कुणीच एवढ्या लवकर पाहिली नाहीये."

"अगं, ड्रिफ्ट आहे तो. थांबली नाहीस ना?"

"पण कडेचा हा ठिपका हलत नाहीये. ड्रिफ्ट असता तर तोही हलला असता. प्लीज, दहाच सेकंद बघा."

मला ट्राम गाठायची होती. कोट चढवता चढवता वर ऐकवलंच, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी कोरी टेप सापडेना, म्हणून मी तिच्याच टेपवर माझं काम रेकॉर्ड केलं. तिनं पुन्हा प्रयत्न केले, पण तसा तुकडा परत जमला नाही. हाती दाखवण्याजोगं काहीच उरलं नाही तेव्हा ती पीएचडी सोडून मिल्टन कीन्सला आयटीत नोकरीला लागली.

तीन वर्षांनी परदेशातल्या एका गटाचा पेपर आला. दोनशे डिग्री, तीच रेष. मी कपाटातून ती टेप काढली. माझं रेकॉर्डिंग संपलं आणि पुढे तिचं थोडंसं शिल्लक निघालं. रेष सरकत होती. ठिपका जागच्या जागी होता. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

वरातीमागून घोडं, तरी फोन केला.

"आसावरी, तुझं बरोबर होतं गं. मी आत्ताच टेप पाहिली."

"आज कशी काय पाहिलीत?"

मी पेपरचं सांगितलं.

"किती उरलंय माझं?"

"अकरा सेकंद."

"दादा," ती म्हणाली, "मी तर दहाच मागितले होते."