बाबांच्या खिडकीचा चंदेरी पडदा

मी एक जुना चंदेरी पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटल्यावर वाऱ्यावर झुलणारं फुलाफुलांचं कापड डोळ्यांपुढे आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी ताठ आहे. माझ्या अंगात हवेचे शेकडो फुगे आहेत आणि वर चकचकीत मुलामा आहे. ऊन अंगावर आलं की मी त्याला आल्या पावली परत पाठवतो. ही थोडी बढाई आहे, पण खरी आहे.

माझा जन्म एका घरगाडीत झाला. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. झोपायच्या फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि सहा खिडक्या एवढाच तिचा संसार. तिच्यात तीन माणसं राहत. मुलगा शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. त्याची बायको कपडे शिवायची. आणि त्याचे वडील, म्हणजे बाबा, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. आदल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "यांना उष्णता सोसायची नाही. गाडी तापू देऊ नका, जिवावर बेतेल."

आणि गाडी तर रोज तापायची. खिडक्यांतून ऊन सरळ आत यायचं, पत्र्याची चकाकी डोळ्यांत घुसायची, आणि दुपारी फळीला हात लावला तर चटका बसायचा. सूनबाईने दुकानात तयार पडद्यांचा भाव विचारला आणि हात हलवत परत आली.

"तेवढ्यात दुसरी गाडी येईल," ती नवऱ्याला म्हणाली.

मग तिने डोकं चालवलं. एका गोदामाच्या पत्र्याखाली लावून उरलेली चंदेरी गुंडाळी तिला जवळजवळ फुकटात मिळाली. तिने प्रत्येक खिडकीवर वर्तमानपत्र दाबून धरलं, कडेने पेनाने रेघ मारली आणि त्या मापापेक्षा बोटभर जास्त कापलं, म्हणजे कुठे फट राहायला नको. पाठीला जुनी चादर शिवली, कडांना गोट लावला, आणि टॉवेल अडकवायच्या आकड्यांच्या, काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या काढून चार कोपऱ्यांत बसवल्या. सहा भावंडांत माझे कोपरे सगळ्यांत नीट जमले होते. म्हणून मला मान मिळाला तो बाबांच्या बिछान्याजवळच्या खिडकीचा.

आदल्या दुपारी गाडीत एकेचाळीस अंश होते. आम्ही लागलो, छताचा झरोका उघडा ठेवला, आणि पारा तेहतीसवर आला.

"डोकं आहे हं तुला!" मुलगा म्हणाला.

"लग्नाला आठ वर्षं झाली, आज कळलं?"

दोघं हसले. मी तर आधीच फुगलेला होतो, आणखी फुगलो. फक्त बाबा हसले नाहीत. माझ्या पाठीकडे बघून ते एवढंच पुटपुटले, "गुंडाळून ठेवलंत मला." मला त्यांचा राग आला. ज्यांच्यासाठी एवढी धडपड केली, त्यांनाच काही नाही!

महिनाभर असंच चाललं. मग तो दिवस आला. गाडी एका हमरस्त्याकडेच्या मोकळ्या आवारात उभी होती. मुलगा जवळच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला गेला होता. दुपारी टाकीतलं पाणी संपलं. सूनबाईने दोन डबे उचलले.

"बाबा, नळावर जाऊन आले. दहा मिनिटं. काही हवंय का?"

"नको. जा तू."

तिची पावलं लांब गेली आणि बाबांचा डावा हात माझ्या कोपऱ्यावर आला. पट्. एक वाटी सुटली. पट्. दुसरी. मी जीव खाऊन काचेला चिकटून राहिलो, पण चार वाट्या म्हणजे काही खिळे नव्हेत. मी खाली पडलो आणि ऊन थेट बाबांच्या छातीवर आलं.

बाबांना त्याचं काही नव्हतं. ते रस्ता बघत होते. ट्रक जात होते, मोटारी जात होत्या. एक बस समोरून वळली तेव्हा त्यांचा डावा पाय आपोआप क्लच दाबू लागला. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पण दाराजवळच्या तापमापकाचा पारा मला जमिनीवरून दिसत होता. पस्तीस. सदतीस.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. नळावर रांग असणार, नाहीतर पाणी गेलं असणार. बाबांचे डोळे मिटायला लागले. चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता. उन्हातून सरकायला त्यांना एका बाजूचं बळ पुरत नव्हतं. त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि मान टाकली. एकोणचाळीस. मित्रांनो, माझं आख्खं आयुष्य याच घटकेसाठी होतं, आणि मी त्यांच्या पायाशी घडी होऊन पडलो होतो. एका हाताच्या अंतरावर ऊन होतं आणि मला ते अडवता येत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा पारा चाळीसवर होता.

"बाबा! अहो बाबा!"

"पुढचा थांबा... कुठला गं?" बाबा बरळले.

तिने डबे दारातच टेकवले. तिने एका डब्यातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं आणि दारातून अशी हाक मारली की शेजारचा पंक्चरवाला हातातला पाना टाकून धावत आला. दोघांनी बाबांना उचलून त्याच्या शेडच्या सावलीत नेलं. ओल्या फडक्यांनी मान पुसली, पंखा लावला, डॉक्टरला बोलावलं. हे सगळं मला उघड्या दारातून दिसत होतं. बाबांनी पाण्याचा पहिला घोट गिळला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी ती त्यांच्या उशाशी बसली. ती रागावली होती आणि रडतही होती.

"का काढलात पडदा? मरायचं होतं का?"

बाबांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "तीस वर्षं मी रस्ता बघत बसलोय. चालत्या गाडीत असं झाकून एकदाच नेतात माणसाला. रोज वाटायचं, निघालेत मला घेऊन."

 ती उठली, तिने मला फळीवर पसरलं आणि मोठी कात्री काढली. माझी पाचावर धारण बसली. माझी चूक नव्हती, तरी शिक्षा मलाच? कात्री माझ्या ऐन मध्यावर शिरली. वहीएवढा चौकोन तिने तीन बाजूंनी कापला, चौथी बाजू बिजागरीसारखी राखली. कडा शिवल्या. मागे चकाकी अडवायला मच्छरदाणीची काळी जाळी दुहेरी लावली. झडप बंद करायला बटण लावलं, तेही डाव्या हाताला सापडेल असं.

"आता बघा बाबा. बघून झालं की बटण लावायचं. कबूल?"

"कबूल."

त्या भोकातून थोडं ऊन येतं, हे मी नाकबूल करत नाही. पारा एखादा अंश वर चढतो. पण त्यानंतर बाबांनी मला एकदाही ओढून काढलं नाही. झडप वर करून ते मुलाला ओरडून सांगतात, "डावीकडे ट्रक आहे, सांभाळ!" आणि मुलगा म्हणतो, "हो बाबा, बघितला." त्याने तो आधीच बघितलेला असतो.

मित्रांनो, माझा मुलामा आता ठिकठिकाणी उडालाय. मला चुरगाळू नका, गुंडाळून ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणाच्या तरी भल्यासाठी एखादी खिडकी बंद केलेली असेल. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तिथून त्यांना काय दिसायचं.